कोरी डिस्क

मावशीच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकण्याआधी तिने एकच विचारलं होतं, "बॅकअप घेतलास ना?" भाच्याने मान डोलावली. मान डोलावायला एक सेकंद लागतो, बॅकअपला तीन तास.

सगळं पुसलं गेलं. त्यात गेल्या वर्षी वारलेल्या काकांचा आवाजही गेला. काका रोज सकाळी कॉम्प्युटरसमोर बसून गळका नळ, शेजारी आणि हा भाचा यांच्याबद्दलच्या तक्रारी रेकॉर्ड करत. ते गेल्यापासून मावशी रोज त्यातली एक ऐकल्याशिवाय चहा पीत नसे.

आता ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "चल, आण परत सगळं."

भाच्याने सकाळीच विकत आणलेली कोरी डिस्क जोडली. काहीच येणार नाही, मग डिस्क बिघडली म्हणायचं, असा त्याचा बेत होता. डिस्क बिचारी थोडीच बोलणार होती.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर आकडे सरकू लागले. दहा टक्के. चाळीस. शंभर.

काकांच्या सगळ्या फायली परत आल्या, तारखांसकट.

"आणि हे तुला उगाच वेंधळा म्हणायचे," मावशी डोळे पुसत उठली. "थांब, चहा टाकते. मग ऐकू."

भाच्याने फायलींची यादी खालपर्यंत सरकवली. शेवटच्या फायलीवर आजची तारीख होती. त्याने आवाज अगदी बारीक करून ती लावली.

आधी ओळखीचा खोकला आला. मग काका हळूच म्हणाले, "वेंधळ्या, डिस्कवर दुकानाचं स्टिकर आहे अजून. काढ आधी. ती चहा घेऊन निघालीये."