साडेबावन्न तोळे

काउंटरवरच्या लाल मखमलीवर अठरा नग होते. बांगड्या आठ, पैंजणांचे दोन जोड म्हणजे चार, अंगठ्या तीन, कमरपट्टा एक, गळ्यातली हसली एक, सुरमेदाणी एक. सगळी चांदी. नाझियाने ते ओळीने मांडले, ओढणीच्या टोकाने सुरमेदाणीवरचा काळा डाग पुसला आणि हात मागे घेतला.

शुक्रवार होता. मालेगावचे माग बंद होते, त्यामुळे योगेश सोनारांच्या दुकानात भिंतीवरच्या घड्याळाचा काटासुद्धा ऐकू येत होता.

"मोडायचंय की बदलून घ्यायचंय?" योगेशशेठनी विचारलं.

"काहीच नाही. फक्त वजन," नाझियाचा धाकटा भाऊ महेबूब म्हणाला. "साडेबावन्न तोळ्यांच्या आत आहे का, एवढंच बघा."

"बघायचं काय? पाचशे पंचवीस ग्रॅमच्या वर आहे हे. हातालाच कळतंय."

"तुमचा तोळा नाही, शेठ. जुना. अकरा ग्रॅम सहासष्टचा." महेबूबने खिशातली चिठ्ठी पुढे सरकवली. मौलानांनी त्यावर हिशेब करून दिला होता. शेवटचा आकडा अधोरेखित होता: ६१२.३६.

योगेशशेठनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. महेबूबने दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"मला लॉटरी लागली. आमच्यात तो पैसा हराम, घरात ठेवता येत नाही. देऊन टाकायचा, तोही पुण्याची आशा न धरता. आणि गरिबालाच; साडेबावन्न तोळे चांदी असली की माणूस गरिबांत धरत नाहीत. आपाकडे सोनं नाही, रोकड नाही, वजा धरायला कुणाचं देणंही नाही. राहिली चांदी. ती चिठ्ठीतल्या आकड्याच्या आत भरली, तर आपा घेऊ शकते."

त्याने काखेतली कापडी पिशवी काउंटरवर ठेवली. "तीन लाख आहेत. उद्या घरमालकाला दिले की खोली आपाच्या नावावर. नाही दिले तर तो दुसऱ्याला विकतोय. दोन पोरींना घेऊन ही जाणार कुठे?"

"कमाल आहे महेबूबभाई. आमच्याकडे लॉटरी लागली की लोक पेढे घेऊन येतात. तुम्ही बहिणीला तोलायला घेऊन आलात."

महेबूब हसला. नाझिया हसली नाही.

"आधी मशिदीत नेले होते," ती योगेशशेठना म्हणाली. "त्यांनी परत दिले. मग मोहल्ल्यातल्या शाळेचे संडास बांधले. उरले ते माझ्याकडे आलेत."

"आपा, तसं नाही ना ते."

"क्रम मी नाही लावला, महेबूब."

योगेशशेठनी वजनकाट्याची काच सरकवली. रिकामं ताट ठेवून आकडा शून्यावर आणला. आधी कमरपट्टा आणि हसली. मग बांगड्या: ४५३.४५. पैंजण ठेवले तेव्हा पाचशे बावन्न झाले. महेबूब पुढे वाकला. त्याचा श्वास काचेवर उमटला, तसं शेठनी त्याला हाताने मागे सारलं. "लांबून. वाऱ्यानेही फरक पडतो."

तीन अंगठ्या. मग सुरमेदाणी. तिचं झाकण निघालं होतं, ते शेठनी वेगळं उचलून ताटात ठेवलं. आकडा थोडा हलला आणि थांबला.

५९४.२०.

"अठरा ग्रॅम कमी!" महेबूबने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "शुक्र है."

"अभिनंदन, ताई," योगेशशेठ म्हणाले. "गरीब आहात."

ते गमतीने म्हणाले होते. महेबूबने पिशवी बहिणीकडे ढकलली. नाझियाने पिशवीला हात लावला नाही. ती काट्याकडे बघत होती. मग तिने कुर्ता जरा वर केला आणि कमरेला खोचलेला किल्ल्यांचा छल्ला काढला. महेबूबने तो पाहिला. घरून निघतानाही पाहिला होता. त्याने नजर वळवली.

"ते राहू द्या हो," योगेशशेठ म्हणाले. "किल्ल्या अडकवायची वस्तू. तो काय दागिना आहे?"

"चांदीचा आहे ना?"

शेठनी छल्ला उलटा करून पाहिला. "आहे."

"आपा," महेबूब म्हणाला, "मौलाना काय बघायला येणार आहेत? बरं, तसंच असेल तर दोन अंगठ्या इथेच शेठना देऊन टाक. आत्ता. मग तर झालं?"

"म्हणजे गरीब व्हायला दागिने मोडू?"

"मग पोरींना कुठे नेणार, ते तरी सांग!"

नाझिया छल्ल्याची कडी नखाने उघडायचा प्रयत्न करत होती. कडी घट्ट होती. योगेशशेठनी बारीक पकड पुढे केली. तिने ती घेतली, कडी वाकवली आणि एकेक किल्ली काढली. एक पेटीची. दोन खोलीच्या. तिन्ही किल्ल्या तिने पिशवीशेजारी ठेवल्या.

मग रिकामा छल्ला तिने स्वतःच ताटात ठेवला आणि काच बंद केली.

आकडे वर गेले, जरा मागे आले, पुन्हा वर गेले. महेबूबने चिठ्ठीतल्या ६१२.३६ वर बोट ठेवलं.

६१५.८५.