बिनडोळ्यांचा राम

सांगलीच्या पेठेत वर्धमानशेठनं नवंच दुकान थाटलं होतं. छापील तसबिरी आल्यापासून लोक ज्यांना विसरले, त्या चिताऱ्यांची हातची चित्रं तो गावोगाव हुडकून आणी आणि गरिबाला परवडेल अशा किमतीला विकी. कृष्णात चिताऱ्याचा राम त्यानंच माळ्यावरून खाली काढला. रामाला डोळे नव्हते. कृष्णाताच्या घराण्याची चालच होती, देवाचे डोळे रेखायचे ते घेणाऱ्याच्या देवघरात.

वीस वर्षं माळ्यावर पडून असलेला राम अखेर विकला गेला आणि डोळे रेखायला कृष्णाताला निघावं लागलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचं त्यानं शेठला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं, तर राम पुन्हा माळ्यावर गेला असता.

थकल्या पायांनी तो तासगावला, राम विकत घेणाऱ्या बनुबाईच्या घरी पोचला. देवघरात सगळा अंधार. हा आपल्याच डोळ्यांचा, असं त्याला वाटलं. अंदाजानंच त्यानं कुंचला उचलला, तशी बनुबाईनं त्याचं मनगट धरलं.

"बाबा, डोळं रेखू नगासा."

"आवं बाई, असा अर्धा देव आमी कुणाला देत न्हाई."

"माझा लालासाहेब ब्रह्मदेशात लढाईत पडला. तवापासनं हितं दिवा लागला न्हाई," बनुबाई म्हणाली. "रामानं ते बघितलंच न्हाई असं समजू द्या मला. म्हंजे त्याच्याम्होरं दिवा तरी लावता यील."