आजही बोट बंद

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त समुद्राचा तळ गाठणार, असं आमच्या ह्यांनी अख्ख्या ऑफिसला सांगून ठेवलेलं. बेटावर पोचलो आणि वादळ आलं. डायव्हिंगचे मास्तर रोज सकाळी दारात येऊन सांगायचे, "आजही बोट बंद."

"छे, नशीबच फुटकं!" म्हणत हे कपाळाला हात लावायचे आणि मग तीन ऑम्लेटं चापून खुशीत पत्ते पिसायला घ्यायचे.

निघायच्या दिवशी हे बॅगा घेऊन पुढे गेल्यावर मास्तरांनी मला विचारलं, "हमखास वादळाचा आठवडा कोणता, असं फोनवर विचारणाऱ्या तुम्हीच ना?"

"हळू बोला," मी म्हटलं. "ह्यांना कमरेएवढ्या पाण्याचीसुद्धा भीती वाटते. आणि ते मला ठाऊक नाही, असं पंचवीस वर्षं समजून आहेत बिचारे."