गंजणारी सुरी

"ही नको," ती म्हणाली आणि आणखी एक सुरी तिने काचेवर परत ठेवली.

दुकानदारबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ही तर हातात छान बसली होती, मग आता काय बिघडलं? त्यांना काय सांगणार? सुऱ्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. भाजीच्या सुरीपलीकडे तिने जन्मात काही हातात धरलं नव्हतं. तिला फक्त वेळ काढायचा होता. सुरी घेतली की नवरा जंगलात जाणार होता, आणि गेला की परत येणार नाही, अशी तिची खात्रीच होत चालली होती.

नवरा क्रेन चालवायचा. गेल्या हिवाळ्यात क्रेनचा माल बांधलेला पट्टा तुटला आणि उचललेला माल खाली उभ्या असलेल्या त्याच्या रोजच्या सोबत्यावर पडला. माणूस जागीच गेला. चौकशीत दोष पट्ट्याचा निघाला, याचा नाही. पण संपली ती कंपनीची चौकशी, याच्या डोक्यातली चालूच राहिली. तो घरात असून नसल्यासारखा झाला. जेवायचा, भिंतीकडे बघत बसायचा, झोपायचा. आणि गेल्या आठवड्यात अचानक हसायला लागला. तिला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. मग त्याने तिला गॅसचा मोठा कॉक कसा बंद करायचा ते दाखवलं. फ्यूज कसा बदलायचा ते दाखवलं. विम्याचे कागद कुठे आहेत, मोटरचं बटण अडकलं तर कुठे ठोकायचं, सगळं हसत हसत दाखवलं. आणि काल म्हणाला, "चार दिवस जंगलात राहून येतो. एकटाच." तो अंघोळीला गेल्यावर तिने त्याची पिशवी उघडून पाहिली. आत बदलायला दुसरा शर्टसुद्धा नव्हता.

रडून भागणार नव्हतं, भांडून तर नाहीच. म्हणून ती म्हणाली, "अहो, जंगलात बिनसुरीचं कोण जातं? उद्या घेऊ या एक." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, हिला सुरीचा. पुढचं काही तिने ठरवलं नव्हतं.

"दादा, आता तुम्हीच बघा," बाई त्याच्याकडे वळल्या. बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही, अशातल्या त्या. "मिटणारा चाकू नकोच. सांधा कधी दगा देईल सांगता येत नाही. या सुरीत बघा, पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलंय. लाकूड फोडा, दोर कापा, काही होत नाही. आणि पातं तळहाताएवढं पुरे. लांब पातं घेऊन काय लढाईला जायचंय?"

"कोणतीही चालेल," नवरा हसून म्हणाला. पुन्हा तेच हसू. त्याच्या गप्प बसण्याची तिला कधी एवढी भीती वाटली नव्हती.

बाईंनी दोन सुऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या. "ही चकचकीत. गंजत नाही. वापरा आणि विसरा. ही काळी. धार घ्यावी तर हिनेच, पण गंजते. जंगलातून आलात की पुसायची, तेल लावायचं, दगडावर धार लावायची. लेकरासारखी सांभाळावी लागते."

नवऱ्याने चकचकीत सुरी उचलली आणि दुसरा हात खिशात घातला. झालं. तिने काचेची कड धरली. काल रात्रभर तिने वाक्यं पाठ केली होती, समजुतीची, शपथांची. त्यातलं एकही आठवेना.

"काळी घ्या," ती म्हणाली.

"अगं, एवढी उस्तवार कोण करणार?"

"काळीच घ्या."

"बरं बाई, तुझ्या मनासारखं," तो म्हणाला. हसू तसंच होतं. मग बाईंना म्हणाला, "धार कशी लावायची ते हिला दाखवून ठेवा."

बाईंनी दगड काढला, त्यावर तेलाचे थेंब टाकले आणि सुरी मुठीकडून तिच्यापुढे केली. तिने हात पाठीमागे घेतले. एवढ्या मोठ्या बाईने, चारचौघांत, शाळेतल्या पोरीसारखे.

"मी नाही शिकणार," ती म्हणाली. "गॅस शिकले, फ्यूज शिकले. हे नाही शिकणार. जंगलातून या आणि तुम्हीच लावा धार."

बाईंनी सुरी काचेवर ठेवली. नवऱ्याचं हसू गेलं. त्याच्या खाली जो चेहरा निघाला तो हिवाळ्यापासूनचाच होता, थकलेला, भेदरलेला. तो दरवाजाकडे बघायला लागला. दरवाजा जवळ होता आणि उघडा होता. आता हा निघाला तर धावत जाऊन भर रस्त्यात त्याच्या कमरेला मिठी मारायची, कोण काय म्हणेल ते म्हणो, एवढंच तिच्या मनात आलं. बाहेर कुणाची तरी गाडी हॉर्न वाजवत होती. त्याने दरवाजाकडे पाठ केली.

मग त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या. काळी सुरी उचलली.

"मला दाखवा," तो बाईंना म्हणाला. "सावकाश दाखवा. मला घाई नाही."