बेचाळीस प्रश्न

विमानात कुणाला काही झालं, तर क्रूने जमिनीवरच्या डॉक्टरांना फोन लावायचा. पण त्याआधी रुग्णाला बेचाळीस प्रश्न विचारायचे. ही प्रश्नावली विमान कंपनीच्या मुख्य डॉक्टरसाहेबांनी स्वतः खपून लिहिली होती. रुग्णाचा जीव गेला तरी चालेल, रकाना रिकामा राहता कामा नये, असा त्यांचा खाक्या. एक प्रश्न गाळला म्हणून त्यांनी भल्याभल्यांची कानउघाडणी केली होती.

आज सुट्टीवर निघालेल्या साहेबांचीच साखर विमानात एकदम उतरली. दरदरून घाम फुटला, हात लटलटायला लागले. ट्रॉलीवरच्या साखरेच्या पुड्या हातभर अंतरावर होत्या आणि मध्ये क्रूमधली मुलगी टॅब घेऊन गुडघे टेकून बसली होती.

“सर, प्रश्न एकोणीस. घरात कुणाला दमा?”

“अगं बाई, साखर दे! दोन पुड्या दे, बास!”

“देते ना सर. आता तेवीसच राहिलेत.”

“खड्ड्यात गेले ते प्रश्न! मीच लिहिलेत ते!”

मुलगी दचकली. तिने घाईघाईने टॅबवरची शेवटची सूचना उघडली. साहेबांच्याच शब्दांत तिथे लिहिलं होतं: ‘रुग्ण चिडला, स्वतःच उपचार सांगू लागला किंवा भलतेसलते दावे करू लागला, तर तो भ्रमात आहे असे समजावे व प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावेत.’

तिने मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.



“सर, तुमचं नाव काय?”