हापशाचं काम

शाळेत एकच पोरगी आली होती, तीही पाय मुरगळला होता म्हणून. बाकीचा वर्ग घागरी घेऊन पाण्याला गेला होता.

शाळेचं काम बघायला आलेली सिंधु मागच्या भिंतीला टेकून बसली होती. लातूर वेगळा जिल्हा होऊन वर्ष झालं होतं. नवी कार्यालयं, नव्या जागा. उदगीरच्या शिकलेल्या घरांत अर्ज भरणं चालू होतं. सिंधु बी.एस्सी. झाली, तसे तिचे वडील माणिकप्पा कापडदुकानातून येताना तीन कोरे अर्ज घेऊन आले. ती म्हणाली, "आप्पा, आधी कामं बघून येते. मग अर्ज." असं कुणी करतं हे माणिकप्पांनी ऐकलं नव्हतं. तरी त्यांनी आठ दिवस दिले.

दोन दिवस ती एका टायपिस्टबाईशेजारी बसली. दोन्ही दिवस दुपारी तिला डुलकी आली. दवाखान्यात रक्त बघून घेरी आली. आज शेजारच्या कुसुमताईंबरोबर, त्या शिकवायच्या त्या खेड्यातल्या शाळेत ती आली होती.

"दुष्काळाचं हे दुसरं वर्ष," कुसुमताई म्हणाल्या. "त्यात गावातला हापसा आठ दिवस बंद. मुलं येणार कशी? आज मेकॅनिक आलाय म्हणे. चल, बघून येऊ."

मेकॅनिक मलप्पा पन्नाशीचा होता. दोन माणसांना हाताशी धरून तो जमिनीतून पाइप वर ओढत होता. पाना धरायला कुणी नव्हतं. सिंधुनं पदर खोचला आणि पाना धरला. मलप्पानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो कुठं पकडायचा तेवढं सांगितलं. एकामागून एक पाइप निघाले. तळाशी चामड्याचा वायसर कागदासारखा झिजलेला होता. वर सळई तुटलेली.

"वायसर झिजला की दांडा जास्त मारावा लागतो, अन् मग सळई जाते," मलप्पा म्हणाला. "येळेवर कळलं तर एवढं होत न्हाई. पर मला बोलावतात हापसा पार बंद पडल्यावर. हरेक गावात हेच."

"आधी कुणालाच कळत न्हाई?" सिंधुनं विचारलं.

"सरपंचाला इचारलं, पारावरच्या गड्यांना इचारलं. कुणाला ठावं न्हाई."

दुपारी पाणी आलं. सिंधुच्या तळहाताला फोड आले होते. शेवटची घागर भरेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. निघताना तिनं या कामाला जागा निघतात का, असं विचारलं.

"नव्या जिल्ह्यात माणसं पाहिजेत, हाव," मलप्पा म्हणाला. "शिकवतात बी. पर बाईमाणूस कुणी आलेलं न्हाई आजवर."

संध्याकाळी जेवताना माणिकप्पांनी विचारलं, "मग? मास्तरीण?"

"हापशाची मेकॅनिक."

माणिकप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. ते रागावले नाहीत. "सिंधु, ते गडीमाणसाचं काम हाय. गावोगाव हिंडायचं, पाइप वढायचे. मग बी.एस्सी. कशाला केलीस?"

आज दिवसभरात एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही, एवढंच सिंधुला ठाऊक होतं. ते वडिलांना कसं सांगावं, तिला कळेना.

चुलीपुढून शांतम्मा, तिची आई, बोलली. "आपल्या गल्लीतला हापसा बी बिघडत चाललाय."

"चालू तर हाय," माणिकप्पा म्हणाले.

"पहिलं धा दांड्यांत पाणी यायचं. आता चाळीस मारावे लागतात. महिना झाला."

"महिना? मग त्या मेकॅनिकला सांगितलं का न्हाई? परवाच पलीकडच्या गल्लीतला हापसा दुरुस्त करून गेला की."

"त्याच्याभवती तुम्ही समदे गडी उभे. आम्ही घागरी घेऊन लांब. आम्हाला कोण इचारतं?" शांतम्मानं लेकीच्या ताटात भाकरी वाढली. "मेकॅनिक म्हणून ही आली असती, तर आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."