नववं लॉक

सुलोचनाबाईंची चौथी माळ अर्ध्यावर होती, तेव्हा नीलेश पोर्चमध्ये आला. त्याने आत डोकावून पाहिलं, खिशातून तारेचं एक गोल लॉक काढलं आणि स्टुलावरच्या रिकाम्या वाटीत टाकलं. बदलून टाकलेल्या जुन्यातलंच होतं, पण घासून नव्यासारखं केलेलं.

"पाहू आता, बाबाच्या किती ध्यानात राह्यते ते," तो आईला हळूच म्हणाला. "तू बोलू नको बरं."

सांगायची गरज नव्हती. अकरा माळा पुऱ्या होईपर्यंत सुलोचनाबाई बोलत नसत. बत्तीस वर्षांचा नेम होता. नीलेशला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हासुद्धा त्यांनी शेवटच्या माळेचा मेरुमणी येईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं.

पोर्चमध्ये टेबलावर जुन्या बीटल गाडीचं इंजिन होतं. पाण्यावर नाही, हवेवर थंड होणारं. त्यांच्या नवऱ्याने, डोमाजींनी, दीड महिना लावून त्याच्या सिलिंडरची पाती न् पाती ब्रशने साफ केली होती. आत चार पिस्टन, प्रत्येक पिस्टनच्या पिनेला दोन बाजूंनी दोन लॉक. एक जरी राहिलं तर पीन सरकते आणि सिलिंडर आतून चिरत जाते. सुलोचनाबाईंना हे माहीत होतं, कारण डोमाजी काम करताना सगळं मोठ्याने बोलत. आर्वी डेपोत पस्तीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्याची सवय.

मागच्या चतुर्थीला दोघं नवरा-बायको स्कूटरवरून केळझरच्या गणपतीला निघाले आणि डोमाजी रस्ता विसरून भलत्याच, आर्वीच्या रस्त्याने खरांगण्यापर्यंत जाऊन परत आले. त्या दिवसापासून घरातल्या साऱ्या गाड्यांच्या किल्ल्या नीलेशजवळ होत्या. "इंजिन एकट्यानं बांधा, कोणाले न विचारता," तो म्हणाला होता. "चालू झालं तर किल्ली तुमची."

डोमाजी आंघोळ करून बाहेर आले. सिलिंडरवरची दोन्ही हेड काल संध्याकाळीच कसून झाली होती. ते खुशीत होते.

"उद्या आवाज ऐकजो," ते बायकोला म्हणाले. "तुह्या आरतीच्या वर जाईन."

मग त्यांचं लक्ष वाटीकडे गेलं.

त्यांनी लॉक उचललं. चिमटीत धरून फिरवलं. इंजिनाकडे पाहिलं.

"आठ होते," ते म्हणाले. "आठही बसवले." मग आवाज खाली आला. "बसवले ना मी?"

नीलेश दाराला टेकून मोबाइल पाहत होता.

सुलोचनाबाईंचा अंगठा मण्यावर थांबला. डोमाजी त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी डोळे मिटले आणि मणी पुढे ओढला.

 मग पाना उचलल्याचा आवाज आला.

सहाव्या माळेला एका बाजूचं हेड निघालं. सातव्या माळेला दोन सिलिंडर. चारही लॉक जागेवर होती. डोमाजी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले. घाम आत पडू नये म्हणून ते घडीघडी बाहीने कपाळ पुसत होते.

"काऊन खोलून राह्यले बाबा?" नीलेशने विचारलं.

"एक लॉक राह्यलं वाटते."

"वाटते?"

डोमाजींनी पुढच्या नटाला पाना लावला.

दहाव्या माळेला शेवटचं सिलिंडर निघालं. आठच्या आठ लॉक आपापल्या खाचेत घट्ट होती.

"बरोबरच बसवले होते तुम्ही," नीलेश म्हणाला. "हे मीच टाकलं वाटीत. पण तुम्हाले सांगता नाई आलं ना? तेच म्हणून राह्यलो मी. उद्या गाडीत माय बसन, पोरगी बसन. मले पाहा लागते." बोलताना त्याने बापाकडे पाहिलं नाही. चप्पल घालून तो ड्यूटीवर निघून गेला.

अकरावी माळ पुरी झाली. सुलोचनाबाईंनी ती डोळ्यांना लावली आणि गोमुखीत ठेवली.

"तुले दिसलं होतं?" डोमाजींनी विचारलं.

"हो." खोटं त्या बोलत नसत.

"मंग?"

"माळ चालू होती, अजी."

डोमाजींनी मान हलवली. हाताला लागलेलं ऑइल ते कापडाने पुसत राहिले.

"एक हात तर मोकळा होता तुहा," ते म्हणाले.

सुलोचनाबाईंनी गोमुखी उचलून आत नेली. आर्वीच्या रस्त्याला स्कूटरवर मागे त्याच बसल्या होत्या. नवऱ्याच्या किती ध्यानात राहतं, ते पाहायचं त्यांनाही होतं.

जेवण झाल्यावर डोमाजी पुन्हा इंजिनाला लागले. रिंगा दाबून धरल्या, पहिलं सिलिंडर पिस्टनसमोर आणलं आणि थांबले. लॉक डोळ्यांसमोर होतं. त्यांनी टॉर्च बायकोच्या हातात दिला.

"पाह्य बरं, हाय काय?"

सुलोचनाबाईंनी आजवर इंजिनात कधी वाकून पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि वाकल्या.

"हाय."

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून हाय."

डोमाजींनी सिलिंडर अर्धं चढवलं. तसंच धरून ठेवलं. मग हळूहळू परत मागे ओढून काढलं.

"आणखी एकदा पाह्य," ते म्हणाले.